फावल्या कॉम्प्युटरची ताकद विज्ञानाला : खान्देशातल्या टीमला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचा कॉम्प्युटर रिकामा असताना त्याची ताकद संशोधनाच्या गणितांना देणाऱ्यांची आमची टीम आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि इथून पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींकडून आम्हाला तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. दर वेळी फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहिलं. प्रश्न शक्यतो ज्याने विचारला त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे.

१. भाऊ, हे नेमकं काय आहे? माझ्या कॉम्प्युटरवर कोण काय करतं?

तुम्ही पत्र टाइप करता किंवा व्हिडिओ पाहता तेव्हा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा अगदी थोडा भाग कामात असतो. उरलेला नुसता बसून असतो. काही संशोधन प्रकल्पांना प्रचंड आकडेमोड करायची असते आणि ती लहान लहान तुकड्यांत वाटता येते. तुम्ही एक मोफत प्रोग्राम बसवता. तो प्रकल्पाच्या सर्व्हरकडून एक तुकडा आणतो, तुमच्या मशीनवर गणित करतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा मागतो. या तुकड्याला टास्क म्हणतात.

शेतात सावड करतात तसंच हे आहे. एकाच्या निंदणीला दहा जण येतात, प्रत्येकाच्या वाट्याला एक-एक ओळ. फरक इतकाच की इथे शेत जर्मनीत किंवा कॅनडात असतं आणि ओळ तुमच्या टेबलावर येते.

२. घरच्या साध्या कॉम्प्युटरने खरंच काही सापडतं का, की नुसतं मनाचं समाधान?

सापडतं, आणि त्याची नोंद आहे. २०१० साली आइन्स्टाइन ॲट होम या प्रकल्पात सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक पल्सार तारा सापडला. रेडिओ दुर्बिणीचा डेटा होता पोर्तो रिकोतल्या अरेसिबोचा आणि तो पकडला अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या कॉम्प्युटरने. २०१४मध्ये जपानच्या चिबा इथल्या कर्करोग केंद्राच्या शास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर औषध होऊ शकतील असे सात रेणू निवडले. लाखो रेणू चाळून त्यातले हे सात, आणि ती चाळणी वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या अशाच उपक्रमाच्या स्वयंसेवकांच्या मशीनवर फिरली होती. डिसेंबर २०१८मध्ये २,४८,६२,०४८ अंकी मूळ संख्या सापडली, तीही एका साध्या डेस्कटॉपवर.

पण खरं सांगायचं तर तुमच्या आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा 'इथे काही नाही' हेच उत्तर येणार. ते वाया गेलेलं नसतं. ज्या रेणूचा उपयोग नाही तो प्रयोगशाळेत महिनोन्महिने तपासावा लागत नाही, आकाशाचा जो तुकडा रिकामा निघाला तिथे पुन्हा शोधावं लागत नाही. विहीर खणताना पाणी लागलेला हात सगळे लक्षात ठेवतात, पण त्याआधीचे चाळीस हात कुणीतरी खणलेले असतात.

३. शास्त्रज्ञांकडे सुपरकॉम्प्युटर असतात ना? मग आमची काय गरज?

असतात. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने १९९१ सालीच परम ८००० उभा केला होता. पण सुपरकॉम्प्युटरवरचा वेळ मोजून मिळतो आणि त्यासाठी रांग असते. एकमेकांवर अवलंबून नसलेले लाखो तुकडे असतील तर ते घराघरांत वाटलेले बरे. कोरोनाच्या काळात, २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये, प्रथिनांच्या घडीचा अभ्यास करणाऱ्या फोल्डिंग ॲट होमला इतके लोक जोडले गेले की एकत्रित वेग सेकंदाला एकावर अठरा शून्य एवढ्या गणितांच्या पुढे गेला. त्या वेळी जगातल्या सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरलाही ते जमत नव्हतं.

सगळीच कामं अशी वाटता येत नाहीत. उद्या पाचोऱ्यात पाऊस पडेल का, हे काढताना शेजारच्या प्रत्येक चौकोनाची हवा क्षणोक्षणी विचारात घ्यावी लागते, म्हणून ते काम एकाच मोठ्या मशीनवर होतं. मात्र हवामानाचं तेच मॉडेल किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी हजारो वेळा चालवून पाहायचं असेल तर ते घरी होतं. ऑक्सफर्डचा क्लायमेट प्रेडिक्शन प्रकल्प २००३पासून हेच करतो आहे.

४. सुरुवात कशी करू? क्रमाने सांगा.

बहुतेक प्रकल्प बॉइंक नावाच्या प्रोग्रामवर चालतात. तो अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तयार झाला. बॉइंकच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. कुणी पाठवलेल्या फाइलमधून किंवा पेन ड्राइव्हमधून नको. बसवल्यावर प्रकल्पांची यादी दिसते. त्यातला एकच निवडा, ई-मेल आणि पासवर्ड देऊन खातं उघडा आणि प्रकल्पाच्या पानावर टीम शोधून 'जॉइन' करा. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचं खातं आणि टीम त्यांच्याच संकेतस्थळावर निवडावी लागते. फोल्डिंग ॲट होम बॉइंकवर चालत नाही. त्याचा प्रोग्राम वेगळा आहे आणि तिथे टीमचा नंबर टाकतात.

पुढे दुसरा प्रकल्प जोडलात तर ई-मेल तोच द्या. त्या ई-मेलवरूनच तुमची सगळ्या प्रकल्पांतली बेरीज एका नावावर लागते. पहिला महिना एकच प्रकल्प आणि निम्मे कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग), एवढंच ठेवा. पहिल्याच दिवशी आठ प्रकल्प जोडणारे आठवड्यात कंटाळून सगळं काढून टाकतात, हे आम्ही वारंवार पाहिलं आहे.

५. कोणता प्रकल्प घेऊ? तुम्ही कोणता चालवता?

ज्या विषयाशी तुमचं काही नातं आहे तो घ्या, म्हणजे टिकतो. आमच्या टीममध्ये घरात कर्करोगाचं दुखणं पाहिलेले पुष्कळ जण आहेत. ते वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर 'मॅपिंग कॅन्सर मार्कर्स' चालवतात. कर्करोग लवकर ओळखता येईल अशा खुणा शोधण्याचं हे काम २०१३पासून चालू आहे. हा ग्रिड आयबीएमने २००४मध्ये सुरू केला, आता तो टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे आहे. याच ग्रिडवर क्षयरोगाच्या जंतूच्या कवचाचा अभ्यास करणारा एक प्रकल्पही होता. क्षय ज्याने घरात पाहिला आहे त्याला या कामाचं मोल सांगावं लागत नाही.

मी स्वतः आइन्स्टाइन ॲट होम चालवतो. कारण सांगतो. हा प्रकल्प गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या नोंदींमध्ये फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांची अखंड, फार क्षीण गुणगुण शोधतो. अशीच एक वेधशाळा, लायगो-इंडिया, आपल्याच राज्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३च्या एप्रिलमध्ये तिच्या बांधकामाला मंजुरी दिली. माझी मुलगी आज आठवीत आहे. ती वेधशाळा कामाला लागेल तेव्हा तिला तिथली भाषा परकी वाटू नये, एवढी माझी इच्छा आहे.

प्रथिनांच्या घडीत रस असेल तर फोल्डिंग ॲट होम आणि रोझेटा ॲट होम आहेत. रोझेटा ज्या प्रयोगशाळेतून निघाला तिचे प्रमुख डेव्हिड बेकर यांना २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्लायमेट प्रेडिक्शनची टास्क फार लांब चालते. नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये.

६. एकट्याने केलं तर नाही चालणार का? टीम कशाला?

चालेल. विज्ञानाच्या दृष्टीने तुमच्या टास्कला एकट्यानेही तेवढीच किंमत आहे. टीम आहे ती माणसांसाठी. प्रोग्राम अडला तर मराठीत विचारायला कुणीतरी लागतं, आणि महिनाभर कुणाचंच काम दिसलं नाही की 'काय हो आप्पा, मशीन बंद का?' असं विचारणारंही कुणी लागतं. हे काम उत्साहाने सुरू होतं आणि एकटेपणाने बंद पडतं.

नियम थोडे आहेत. एका प्रकल्पात एका वेळी एकाच टीममध्ये राहता येतं, दुसऱ्या प्रकल्पात दुसरी टीम घेतली तरी चालतं. टीम सोडली तर तोवरचं क्रेडिट (केलेल्या कामाचे गुण) जुन्या टीमकडे राहतं, तुमच्या स्वतःच्या खात्यातून काही कमी होत नाही. वर्गणी नाही, सभासद फी नाही.

७. टीमच्या पानावर चाळीसगावजवळच्या पाटण्याचा उल्लेख का आहे?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. पाटणादेवीच्या रानात जे पाटणे आहे तिथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७च्या सुमाराचा. वरचा भाग संस्कृत आहे आणि शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. त्या ओळींत कुणी काय द्यायचं ते लिहिलं आहे. पाटण्याच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावर राजाला गिऱ्हाइकाकडून मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल.

आठशे वर्षांपूर्वी खान्देशात गणित आणि ज्योतिष शिकवायला घाण्यामागे पळीभर तेल मिळत होतं. आपल्या टीमचं मागणं तेवढंच आहे. घाणा तुमचाच, त्याचं मुख्य काम तुमचंच, त्यातून एक पळी. अख्खा घाणा कुणी मागत नाही, आणि कुणी देऊ केला तरी आम्ही 'सावकाश' असंच सांगतो.

८. क्रेडिट म्हणजे काय? मित्राचं लाखात गेलं, माझं हजारातच आहे.

क्रेडिट म्हणजे केलेल्या गणिताची मोजदाद. सेकंदाला एक अब्ज गणितं करणारं मशीन दिवसभर चाललं तर २०० क्रेडिट, असं मूळ माप आहे. पण प्रत्येक प्रकल्प ते आपापल्या पद्धतीने देतो, त्यामुळे दोन प्रकल्पांचे आकडे एकमेकांशी लावू नका. मित्राकडे गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असेल तर काही प्रकल्पांत त्याचं क्रेडिट तुमच्या कितीतरी पट होणारच. फोल्डिंग ॲट होमचे पॉइंट वेगळेच असतात. तिथे पास-की (तुमची खास ओळख-किल्ली) घेऊन दहा टास्क नीट पूर्ण केल्या की वेळेत काम देणाऱ्याला बोनस मिळू लागतो. पास-की न घेतल्यामुळे आमच्या बऱ्याच जणांचा बोनस सुरुवातीला बुडाला, म्हणून मुद्दाम सांगतो.

९. लाईट बिल किती वाढेल?

उधारीचं उत्तर नको, हिशोबच करू. समजा तुमचा डेस्कटॉप नुसता चालू असताना ५० वॉट घेतो आणि पूर्ण कामात ११० वॉट. कॉम्प्युटर तसाही आठ तास चालू असतो आणि त्याच वेळात तुम्ही हे काम करू दिलंत, तर जादा खर्च ६० वॉटचा. म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा युनिट, महिन्याला १४-१५ युनिट. फक्त यासाठी म्हणून आठ तास मशीन चालू ठेवलं तर पूर्ण ११० वॉट तुमच्या माथी, म्हणजे महिन्याला २६ युनिट.

खरी गोम स्लॅबमध्ये आहे. घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर बदलतो. तुमचा महिना ९० युनिटवर संपत असेल तर वाढलेल्या पंधरातले शेवटचे पाच युनिट वरच्या, बऱ्याच महाग दराने लागतील. मागचं बिल काढा, स्लॅबच्या काठावर असाल तर तास कमी करा. ज्या घरात बिलाची ओढाताण आहे त्यांनी हे करू नये. विज्ञानासाठी घरातला पंखा बंद करायला कुणी सांगितलेलं नाही.

१०. घरावर सोलर आहे. मग तर फुकटच ना?

अगदी फुकट नाही. नेट मीटर असेल तर दुपारी न वापरलेला युनिट विजेच्या ग्रिडला जातो आणि तुमच्या बिलातून वजा होतो. कॉम्प्युटरने तो खाल्ला तर तेवढी वजावट कमी. पण वर्षाअखेरीस तुमचे युनिट शिल्लकच राहत असतील तर त्यांचा हा उपयोग मला फार चांगला वाटतो. बॉइंकमध्ये रोजच्या वेळा ठरवता येतात, सकाळी १० ते ४ लावून द्या. फक्त उन्हाळ्यात हा सल्ला मोडतो. का, ते पुढच्याच प्रश्नात.

११. भुसावळला मे महिन्यात ४५ अंश असतं. मशीन चालू ठेवायचं की नाही?

दुपारी नाही. हे आम्ही विनंती म्हणून नाही, नियम म्हणून सांगतो.

प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. डिसेंबरात ती २० अंशांची असते, मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ४० च्या वर. तेवढ्या हवेने पूर्ण भाराचा प्रोसेसर थंड होत नाही. मग तो स्वतःचा वेग कमी करतो, काम रेंगाळतं, वीज मात्र जळत राहते. लॅपटॉपची बॅटरी उष्णतेने फुगते. माझा पहिला डेस्कटॉप अशाच एका मेमध्ये गेला. उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटीत कापसाची तंतुमय धूळ नमद्यासारखी बसली होती. शेजारी जिनिंग होतं आणि मी तीन वर्षांत एकदाही झाकण उघडलं नव्हतं. चूक माझीच.

तेव्हापासून टीममध्ये ठरलं ते असं. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत काम फक्त रात्री ११ ते सकाळी ७. भुसावळ, रावेर, चोपडा या पट्ट्यात आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पूर्ण बंद ठेवलं तरी कुणी काही म्हणणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर एकदा, असं वर्षातून दोनदा मशीन उघडून ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढायची. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते.

वर्षभरासाठी एक गोष्ट. बॉइंकमध्ये 'किती टक्के सीपीयू वापरायचे' आणि 'किती टक्के वेळ वापरायचा' असे दोन आकडे असतात. पहिला ५० करा, दुसरा १०० वरच असू द्या. पहिल्याने निम्मे कोअर शांत राहतात. दुसरा कमी केला तर सगळे कोअर चालू-बंद, चालू-बंद होत राहतात आणि तापमान सारखं वर-खाली होतं. डेस्कटॉपवरचं बॉइंक स्वतः तापमान पाहत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लावून एकदा तपासा.

१२. आमनाकडे लाईट घडीघडी जास. करेल काम वाया जाई का?

सगळं नाही जात. बहुतेक टास्क थोड्या थोड्या वेळाने आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतात. लाईट आली की शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू होतं, म्हणजे साधारण काही मिनिटांचं काम जातं. जास्त भीती हार्डडिस्कची आहे, म्हणून डेस्कटॉपला छोटा यूपीएस असावाच.

एक बारकी गोष्ट पुष्कळांना फसवते. 'बॅटरीवर असताना थांब' हे सेटिंग लॅपटॉपसाठी आहे. घराचा इन्व्हर्टर सुरू झाला तर डेस्कटॉपला ते कळत नाही, त्याला वाटतं लाईट आहेच. मग इन्व्हर्टरची बॅटरी पंख्या-दिव्यांऐवजी पल्सार शोधण्यात संपते आणि घरचे वैतागतात. डेस्कटॉप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊच नका, किंवा लाईट जाण्याच्या वेळा माहीत असतील तर त्या वेळा बॉइंकमध्येच बंद करा.

१३. मुदतीत टास्क झाली नाही तर दंड वगैरे आहे का?

दंड नाही. पण तीच टास्क दुसऱ्या कुणाला द्यावी लागते आणि तेवढा वेळ शास्त्रज्ञाचं काम अडतं. उशिरा आलेल्या उत्तराला क्रेडिट मिळेलच असं नाही. आमच्याकडे मुदत चुकण्याचं एकच मोठं कारण दिसतं. लोक पाच-दहा दिवसांच्या टास्कचा साठा भरून ठेवतात. शिळ्या भाकरीसारखा तो पडून राहतो. साठा अर्ध्या दिवसाचा पुरे, नेट नेहमीच गायब होत असेल तर दोन दिवसांचा.

१४. माझी टास्क पूर्ण झाली तरी 'इनव्हॅलिड' आली. का?

अनेक प्रकल्प तीच टास्क दोन वेगवेगळ्या मशीनना देतात आणि उत्तरं ताडून पाहतात. जुळली तर दोघांना क्रेडिट. नाही जुळली तर तिसऱ्याला देतात आणि ज्याचं वेगळं निघालं त्याचं बाद होतं. जोडीदाराचं उत्तर यायचं असेल तर 'पेंडिंग' दिसतं, तिथे नुसतं थांबायचं.

महिन्यात एखादी बाद झाली तर दुर्लक्ष करा. सलग होत असतील तर मशीन चुकीची गणितं करत आहे. कारण बहुधा तापमान असतं (प्रश्न ११), नाहीतर प्रोसेसरचा मुद्दाम वाढवलेला वेग किंवा सैल झालेली रॅम. काम थांबवा आणि आधी मशीन दुरुस्त करा. चुकीची बेरीज दान करण्यापेक्षा न केलेली बरी. शिवाय त्याच मशीनवर तुमचे हिशोब असतील, तेही बिघडू शकतात.

१५. मोबाइलवर चालतं का?

अँड्रॉइडवर बॉइंक चालतं, आयफोनवर नाही. मूळ सेटिंगनुसार ते फोन चार्जिंगला असताना, बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असताना आणि वाय-फायवरच काम करतं. ही सेटिंग बदलू नका. रोजच्या फोनवर मी तरी सांगणार नाही. जुना, बॅटरी न फुगलेला फोन असेल तर हिवाळ्यात लावा. रात्री उशीखाली किंवा गादीवर ठेवून तर मुळीच नाही.

१६. घरी नेट नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जमेल?

जमतं. बॉइंकमध्ये ठरावीक दिवसांत किती एमबी वापरायचे ती मर्यादा घालता येते, ती आधी घाला. आइन्स्टाइनच्या काही कामांत डेटाच्या फाइल मोठ्या असतात, म्हणून रोजच्या दीड जीबीत भागवणाऱ्यांनी दुसरा प्रकल्प पाहावा.

१७. जुना पेंटियम पडून आहे. त्याला तरी कामाला लावू?

नको. जितक्या विजेत तो एक टास्क करेल तितक्यात आजचा साधा लॅपटॉप कितीतरी करतो. शिवाय मुदत चुकते ती वेगळी. तो पुतण्याला उघडून शिकायला द्या.

१८. याच कॉम्प्युटरवर माझं बँकेचं काम चालतं. व्हायरस, हॅकिंगचं काय?

बॉइंकचा सोर्स कोड खुला आहे आणि प्रकल्पाकडून येणारे प्रोग्राम डिजिटल सहीने तपासले जातात. ते तुमच्या फाइल वाचायला येत नाहीत. तरीही तुम्ही दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालू देता आहात, हे विसरू नका. म्हणून ज्या प्रकल्पामागे ओळखीचं विद्यापीठ किंवा संस्था आहे तोच घ्या. अँटिव्हायरस कधी कधी उगाच ओरडतो, अशा वेळी प्रकल्पाच्या सूचना वाचून मगच सूट द्या.

खात्याचं नाव सगळ्यांना दिसतं. त्यात मोबाइल नंबर, जन्मसाल, गाव-गल्ली घालू नका. मनापासून सांगतो, आमच्या एका सभासदाने नावाच्या जागी पूर्ण नंबर टाकला होता.

१९. मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो. तिथले चाळीस कॉम्प्युटर रात्री बंदच असतात. लावून टाकू?

लेखी परवानगीशिवाय एकावरही नाही. ग्रामपंचायत, बँक, सेवा केंद्र, ऑफिसचा लॅपटॉप, सगळ्यांना हेच लागू. वीज आणि मशीन संस्थेचं आहे, आपल्या पळीत दुसऱ्याच्या घाण्याचं तेल ओतायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर वापरण्याबद्दलच आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक कॉलेजच्या कर्मचाऱ्यावर अशाच कारणावरून फौजदारी खटला झाला होता आणि तो २००२मध्ये तडजोडीवर मिटला. त्याचा हेतू चांगलाच होता.

परवानगी मागताना प्राचार्यांना तीन गोष्टी लिहून द्या. महिन्याला किती युनिट (प्रश्न ९चा हिशोब गुणिले मशीन), कोणत्या वेळेत, आणि बिघाड झाला तर जबाबदार कोण. आधी दोन मशीनवर महिनाभर करून दाखवतो, असं म्हणा. नाही म्हणाले तर आभार मानून परत या.

२०. यातून पैसे मिळतात का? निदान टॅक्समध्ये सूट?

प्रकल्प पैसे देत नाहीत. हे क्रिप्टो मायनिंग नाही. 'आमच्या टीममध्ये इतके भरा, महिन्याला इतके मिळतील' असा निरोप आला तर ती फसवणूक समजा आणि आम्हाला कळवा. आयकराच्या कलम ८०जीची वजावट पैशाच्या देणगीसाठी होती, वस्तू किंवा सेवेच्या दानाला ती कधीच लागू नव्हती. विजेचं बिल दाखवून काही मिळणार नाही.

२१. औषध सापडलं तर कंपनीच पैसे कमावणार ना? मग आम्ही का राबायचं?

शंका रास्त आहे आणि प्रकल्प निवडताना ती जरूर धरा. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर येणाऱ्या शास्त्रज्ञांना आपला डेटा सगळ्यांसाठी खुला करण्याची अट असते. फोल्डिंग ॲट होमने कोरोनाच्या वेळी 'कोविड मूनशॉट' या पेटंटविना औषध शोधण्याच्या खुल्या प्रयत्नात भाग घेतला. ज्या प्रकल्पाच्या पानावर निकाल कुठे प्रसिद्ध होतात हे लिहिलेलं नाही, तो आम्ही टीमला सुचवत नाही.

२२. प्रकल्पच बंद पडला तर आमचं काय?

होतं असं. परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेणारा सेटी ॲट होम १७ मे १९९९ला सुरू झाला, त्यानेच जगाला या कामाची गोडी लावली. ३१ मार्च २०२०ला त्याने काम वाटणं थांबवलं. जमलेला डेटा तपासायला शास्त्रज्ञांना वेळ हवा होता. क्रेडिट राहतं, टास्क येत नाहीत. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडही २०२२मध्ये जागा बदलताना महिनोन्महिने बंद होता आणि आमचे निम्मे लोक तेव्हा गळाले.

उपाय सोपा आहे. दुसरा एक प्रकल्प जोडून त्याचा 'रिसोर्स शेअर' (कामातला वाटा) शून्य करा. पहिल्याकडे काम असेतोवर तो गप्प राहतो आणि पहिला रिकामा झाला की पुढे येतो.

२३. मी शिकायला पुण्याला चाललो. कॉम्प्युटर घरी राहणार. काय करू?

जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी प्रकल्पावर 'नो न्यू टास्क्स' दाबा. हातातली टास्क संपून अपलोड झाली की मग बॉइंक काढा. मध्येच काढलंत तर अर्धी कामं मुदत संपेपर्यंत लटकतात. पुण्यात नव्या मशीनवर त्याच ई-मेलने शिरा. खातं, क्रेडिट, टीम सगळं तसंच राहतं. एका खात्याला कितीही मशीन चालतात, धाकट्या भावाचंही जोडता येईल. पण त्याला स्वतःचं खातं काढून द्या, त्याला त्याचा आकडा पाहू दे.

२४. आमच्या तालुक्याची जुनी टीम आहे, पण जिने काढली ती ताई आता संपर्कातच नाही. नवी काढू?

नवी काढू नका, नाव आणि इतिहास दोन्ही विखुरतात. बॉइंकच्या प्रकल्पांत टीमच्या सभासदाला संस्थापकपद मागता येतं. विनंती केली की संस्थापकाला ई-मेल जातो. तिने साधारण दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही, तर पद तुम्हाला घेता येतं. त्याआधी ताईच्या घरी एकदा जाऊन या. आमच्या बाबतीत तेवढ्यानेच काम झालं. तिचा पासवर्ड हरवला होता, बाकी काही नाही.

२५. बोंडअळीवर, सिकलसेलवर प्रकल्प का नाही? आपण सुरू करू शकतो का?

बॉइंकचा सर्व्हरचा भागही मोफत आहे. कोणत्याही विद्यापीठातला विभाग, आपलं जळगावचं बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठही, प्रकल्प सुरू करू शकतो. लागतात त्या दोन गोष्टी. एक, तुकडे करता येईल असा गणिताचा प्रश्न. दोन, वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळणारा आणि स्वयंसेवकांना उत्तरं देणारा माणूस. दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात बिघडलेल्या हिमोग्लोबिनला कोणता रेणू चिकटतो, हा प्रश्न तुकड्यांत वाटता येतो. नंदुरबारच्या कुणा संशोधकाने तो मांडला तर आमची सगळी मशीन पहिल्या दिवशी तिकडे वळतील. बोंडअळीचं मात्र वेगळं आहे. कोणत्या शिवारात, कोणत्या आठवड्यात, सापळ्यात किती पतंग अडकले ही नोंदच आधी हवी, आणि ती प्रोसेसर करू शकत नाही. कामगंध सापळ्यातले पतंग मोजून तारखेसह वहीत लिहिणारे दहा शेतकरी धरणगाव-एरंडोलकडे मिळाले तर कळवा. वही आम्ही देतो.